चंद्रीचं कुरण

गोपाळकृष्णांनी आयुष्यात स्वतःहून फारसे निर्णय घेतले नव्हते. बँकेत चिकटले ते मामांनी अर्ज भरला म्हणून, आणि बाहेर पडले ते कॉम्प्युटर आला आणि बँकेने सगळ्यांना स्वेच्छेने निवृत्त व्हायला सांगितलं म्हणून. त्यामुळे शनिवार पेठेतल्या सायबर कॅफेत बसून घेतलेला हा निर्णय त्यांना फारच किरकोळ वाटला. न्यूझीलंडहून मुलाने फोटो धाडला होता. फोटोत आमोद, त्याच्या मागे हिरवंगार कुरण आणि कुरणात धष्टपुष्ट गाई. (आमोद तिकडे सॉफ्टवेअर करायचा. गाई शेजाऱ्याच्या होत्या.) घरी येऊन चप्पल काढता काढता ते म्हणाले, आपणही एक गाय ठेवू.

हेमाताई निवडत असलेली मेथी निवडत राहिल्या. तीस वर्षांत त्यांनी गच्चीतले गुलाब पाहिले होते, सौरचूल पाहिली होती आणि गांडूळखतही पाहिलं होतं. (गांडुळं जिन्यात उतरली, तेव्हापासून खालचे बिऱ्हाडकरू बोलत नव्हते.) मेथी संपल्यावर त्यांनी अट घातली. गुढीपाडव्याला त्यांचे भाऊ डोंबिवलीहून जेवायला येणार होते; त्या दिवशी घरच्या गाईच्या दुधाचं श्रीखंड पानात पडलं पाहिजे. नाही पडलं, तर गाय विकायची आणि गोपाळकृष्णांनी रोज पहाटे सहाला त्यांच्याबरोबर बागेतल्या हास्यक्लबात यायचं.

बँकेच्या काउंटरवर तीस वर्षं गोपाळकृष्ण एकदाही हसले नव्हते. समोर 'जेवणाची वेळ आहे', 'आत डोकावू नये', 'सुट्टे मागू नयेत' अशा स्वहस्ते लिहिलेल्या पाट्या आणि मागे ते, अशी त्यांची कारकीर्द. आता चारचौघांत हात वर करून हा हा हा करायचं म्हणजे जिवंतपणी मरण होतं.

लोणी काळभोरला बँकेतल्या लोकांनी मिळून घेतलेल्या जमिनीत त्यांचा दहा गुंठ्यांचा तुकडा होता. शेजारच्या गेनबांच्या गोठ्यात चंद्री नावाची ताजी व्यालेली गाय आली. राहता राहिलं गवत. आमोदने रोमन लिपीतल्या मराठीत सविस्तर पत्र धाडलं: रायग्रास लावा, थंड हवेतलं गवत आहे, एकदा पेरलं की चरलं, कापलं तरी बुडातून पुन्हा फुटतं. कॅफेतल्या प्रिंटरमधून पहिलं पान बाहेर आलं, तेव्हा गोपाळकृष्णांनी मशीन थांबवायला सांगितलं. पेरणी, पाणी, सगळं पहिल्याच पानावर होतं आणि पान संपतं तिथे स्पष्ट लिहिलं होतं की गुरांना अजिबात आत सोडायचं नाही. एका पानात काम भागत असताना दुसरं छापणं त्यांच्या तत्त्वात बसेना.

दिवाळीनंतर त्यांनी बी फोकून पेरलं. हडपसरच्या कंपन्यांना हिरवळीचं बी पुरवणाऱ्या दुकानातून ते आणलं होतं. आठव्या दिवशी पोपटी कोंब वर आले आणि गोपाळकृष्णांना खरोखर भरून आलं. त्यांच्या हातून उगवलेली ही पहिलीच गोष्ट होती. (आमोदचं श्रेय हेमाताईंनी कधीच स्वतःकडे घेतलं होतं.) ते रोज सकाळच्या बसने जात, गवत पाहत आणि दुपारी दुधाची किटली घेऊन परतत. हडपसरला गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं चढत आणि किटलीला जपून उभी राहत.

जानेवारीत गवत गुडघ्याला टेकलं आणि कुंपणावर पाट्या लागल्या. 'हे गवत आहे. लांबून पाहावे.' 'शेळ्या, कोंबड्या व त्यांचे मालक यांनी आत येऊ नये.' तिसरी फाटकावर होती: 'चपला बाहेर काढाव्यात. कारण विचारू नये.' चंद्री कुंपणाबाहेर खुंट्याला कडबा चघळत उभी असे.

गेनबा एक दिवस सगळ्या पाट्या वाचून आले. "भाऊसाहेब, एक इचारू का? गवत गाईपायी लावलंया, का गाय गवतापायी आणलीया?"

गोपाळकृष्णांनी त्यांना सांगितलं की हे शास्त्र आहे आणि ते न्यूझीलंडहून आलेलं आहे. शिवाय दूध वाढत होतं. त्यावर त्यांचा सिद्धान्तही तयार होता. डोळ्यांसमोर सतत हिरवं दिसलं की गाय प्रसन्न राहते, मग कडब्यावरही दूध देते. पुरावा म्हणून ते मागच्या बाजूचा, आंब्याखालचा कोपरा दाखवत. तिथलं गवत उंच नव्हतं, पण असं दाट की बोट जाऊ नये. जिथे कोणाचंच पाऊल पडत नाही तिथे बघा कसं येतं, असं म्हणून त्यांनी तिथेही पाटी ठोकली: 'आदर्श कोपरा'.

मार्चमध्ये ऊन तापलं. पुढचं उंच गवत आधी आडवं झालं, मग बुडाशी कुजलं, मग पिवळं पडलं. पाडव्याला चार दिवस उरले होते आणि पुढचं कुरण उसवलेल्या गादीसारखं दिसत होतं. गोपाळकृष्णांना झोप येईना. हिरवं गेलं, म्हणजे गाईची प्रसन्नता जाणार, दूध जाणार, चक्क्याला दही पुरणार नाही, आणि सहा वाजता हा हा हा. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी फाटक उघडलं आणि चंद्रीचं दावं सोडलं. शास्त्र बुडालं तरी बुडो, असं ते मनाशी म्हणाले.

चंद्री आत शिरली. पिवळ्या गवताकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. रोजच्या पायवाटेने घरी जावं तशी ती तडक आदर्श कोपऱ्यात गेली, पाटीच्या खांबाला मान घासली आणि चरू लागली. खांब घासून गुळगुळीत झालेला होता.

गेनबांनी टोपीखाली खाजवलं. "तुमी बस धरली की तासभर सोडत व्हतो जी. शेण लगीच उचलायचं. वयनींचा हुकूम हाय."

संध्याकाळी गोपाळकृष्णांनी किटली ओट्यावर ठेवली. हेमाताईंनी मसाल्याच्या डब्यामागून एक घडी घातलेला कागद काढून दिला. दर शुक्रवारी त्या कॅफेत जाऊन आमोदशी गप्पा मारत, हे गोपाळकृष्णांना ठाऊक नव्हतं. तो कागद म्हणजे आमोदच्या पत्राचं दुसरं पान होतं. त्याची पहिलीच ओळ होती: "हे फक्त पहिले दोन महिने." पुढे आमोदने लिहिलं होतं की नंतर गाय सोडलीच पाहिजे; वरचं खाल्लं की बुडाला ऊन मिळतं आणि नवे फुटवे येतात; नुसतं वाढू दिलं तर गवत स्वतःच्याच सावलीत कुजतं.

"मला सांगायचं तरी," गोपाळकृष्ण म्हणाले.

"सांगणार होते. फाटकावर पाटी होती, कारण विचारू नये."

त्यांना राग आला नाही, लाज मात्र मनापासून वाटली. एवढा जीव लावून वाढवलं आणि त्यानेच मेलं, हे कुठेतरी लागलं. हेमाताईंनी ते ओळखलं असावं, कारण त्या रात्री पानात न मागता तूप जास्त पडलं.

पाडव्याला श्रीखंड घरच्याच दुधाचं झालं. डोंबिवलीच्या भावाने तीनदा मागून घेतलं आणि दुधाचं रहस्य विचारलं. गोपाळकृष्णांनी प्रामाणिकपणे सांगितलं की रहस्य दुसऱ्या पानावर आहे, आणि आणखी पुरी वाढली. अट पुरी झाल्यामुळे हास्यक्लब माफ झाला.

दुसऱ्या दिवशी ते हलक्या मनाने लोणीला गेले. जुन्या पाट्या निघाल्या होत्या. फाटकावर एकच नवी होती, हेमाताईंच्या वळणदार अक्षरात: 'गाय चरत आहे. माणसांनी बाहेर थांबावे.'

पाटी मोडण्याचे संस्कार त्यांच्यावर नव्हते. ते किटली घेऊन उन्हात उभे राहिले. बऱ्याच वेळाने आंब्याखाली चंद्रीने मान वर केली, त्यांच्याकडे थंडपणे पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. तीस वर्षं काउंटरवरून ते गिऱ्हाइकांकडे असंच पाहत आले होते.