हिरडपाणी परगणियाच्या बोळवणीची हकिकत

वनदेवता जवळ असो, अस्वल दूर असो. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी हिरडपाणी परगणियात जे वर्तले ते ऐकिले तैसे लिहिले. जेथे ऐकू आले नाही तेथे अजमासे लिहिले, वाचणारांनी रागे भरू नये.

परगणा म्हणजे अवघे रान. उत्तरेस डोंगर, दक्षिणेस त्याच डोंगराची पाठ, आणि पूर्वेस काय आहे ते पाहावयास जो गेला त्यास मधमाश्या लागल्या आणि तो पश्चिमेस निघाला, सबब पूर्वेची माहिती नाही. पूर्वी तीन राजांनी हा परगणा जिंकिला. पैकी दोघे वाट चुकून बाहेर पडले आणि फत्ते जाहली ऐसे समजून नगारे वाजविते जाहले, तिसरे अद्याप आत आहेत. रयतेस यातील काही कळले नाही. गावे दोन, वरती आंबेटेंभ आणि खाली करंजखोल, मध्ये एक पायवाट, आणि पायवाटेवर अस्वल. अस्वलाकारणे चाल पडली होती की आल्या पाहुण्यास एकटे धाडू नये, दिवटी घेऊन त्याचे उंबऱ्यापर्यंत पोहोचवावे. चाल थोर, परंतु पोहोचविणाराने परत कैसे यावे याचा विचार पूर्वजांनी केला नव्हता.

ऐसे असता करंजखोलच्या धुरपदाबाई आपल्या विहीणबाई, आंबेटेंभच्या कोंडाबाई, यांस नातू जाहल्याची खबर द्यावयास वर आल्या, आणि भाकरी खाऊन निघाल्या, आणि कोंडाबाई दिवटी घेऊन त्यांस पोहोचवावयास खाली गेल्या. मग उंबऱ्यावर धुरपदाबाई बोलिल्या, "आता तुम्ही एकट्या कशा जाल, विहीणबाई?" कोंडाबाई म्हणाल्या, "जाते की. तुमच्या घरचे लग्नातले वडे खाऊन जगले मी, मला अस्वल काय करतंय?" त्यावर धुरपदाबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "म्हणूनच येते. ते मुकं जनावर कशाला मरायला हवं तुमच्या तोंडी लागून?" मग दोघी वर गेल्या, आणि वर पोहोचताच तोच सवाल उलटा पडला, मग दोघी खाली आल्या. दोघींचे यजमान शोधावयास निघाले ते एकमेकांस पोहोचवू लागले, मग सून लेकरासह निघाली, मग शेजार, मग पाटील, आणि चार दिवसांत सारा परगणा पायवाटेवर जाहला. चुली घरी पेटवून रांधावे, जेवण वाटेवर करावे, आणि दिवे संगे न्यावे, ऐसा क्रम पडला. लेकराचे बारसे दुसऱ्या वळणावर जाहले. कोणास काही वावगे वाटले नाही.

इकडे राजधानीस हुजुरांनी नकाशा काढविला, आणि चिताऱ्याने परगणियावर हिरवा रंग ऐसा सांडिला की गावे दिसेनात. महाराजांनी पुसिले, "येथे माणूस आहे की नाही?" दिवाणजींनी अर्ज केला की, सांजेस ज्या गावी दिवा लागत नाही ते बेचिराग लिहावे, आणि रान शिकारखान्यास लावावे, आणि तेथे नसलेली माणसे सापडल्यास वरची पूर्व मुलुखात आणि खालची पश्चिम मुलुखात नेऊन बसवावी. महाराजांस हे समजले नाही, परंतु मान डोलविली. मग व्यंकाजीपंत कारकून चौकशीस रवाना जाहले.

पंतांचा घोडा पायवाटेस राजी नव्हता, सबब ते डोंगरास वळसा घालून दोन्ही गावी गेले. चुली ऊन, शेळ्या बांधलेल्या, कोंबडी अंड्यांवर बसलेली, परंतु माणूस नाही आणि सांजेस दिवा नाही. पंतांनी कोंबडीस दोनदा विचारिले. मग बेचिराग ऐसे लिहून शिक्का केला. तितक्यात घोड्यास अस्वलाचा वास लागून त्याने न पुसता रजा घेतली, आणि पंत पायी निघाले, तो वळणावर शेकडो दिव्यांचा लोंढा सामोरा आला.

कोंडाबाई म्हणाल्या, "कोण पाहुणे? आणि एकटेच?"

पंत म्हणाले, "सरकारी कारकून. येथे माणूस राहात नाही, ऐसे लिहून चाललो आहे."

कोंडाबाई धुरपदाबाईंस म्हणाल्या, "ऐका. मी लग्नातच म्हटलं होतं, तुमच्या गावात माणसं नाहीत."

मग पंतांनी पूर्व-पश्चिमेचा हुकूम सांगितला. कोंडाबाईंनी दिवटीची वात सारिली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी उगवतीला आणि ह्या मावळतीला? मग ह्यांना पोहोचवून यायला फार लांब पडेल हो."

पंत खाली पाहात बोलिले, "शिक्का पडला, बाई. आता हुजूरच खोडतील." धुरपदाबाई म्हणाल्या, "बरं, ते मागून बघू. आधी तुम्हाला घरी पोहोचवतो." पंत एकटे जीव, आजपावेतो त्यांस अंगणापलीकडे कोणी पोहोचविले नव्हते. त्यांस नको म्हणवेना.

मग परगणा राजधानीस आला. महाराजांनी कागद वाचिला आणि खिडकीतून चौक पाहिला, आणि पुसिले, "ही माणसे कोठली?" पंत म्हणाले, "हिरडपाणीची." "तेथे माणूस नाही ऐसे तुम्हीच लिहिता." "स्वामी, लिहिले तेव्हा घरी नव्हती. वाटेवर होती."

दिवाणजी म्हणाले, "वाटेस गाव म्हणण्याची कायद्यात सोय नाही."

"घरीच राहू की," कोंडाबाई बोलिल्या. "पण आधी विहीणबाईंना पोहोचवायला नको? आणि मग मला कोण पोहोचवील?"

दरबारी मंडळींनी भोजन होईतो विचार केला आणि भोजनोत्तरही केला. मग महाराज स्वतः उठले आणि म्हणाले, "आम्ही पोहोचवितो." आणि स्वारी निघाली, मागे दिवाणजी, मानकरी, मुदपाकखाना, सारे नगरलोक, हत्ती, आणि हत्ती पाहून अस्वल तिसऱ्या राजांकडे राहावयास गेले. सांजेस दोन्ही गावी घरोघर दिवा लागला, आणि महाराजांनी आपले हाते बेचिराग ही अक्षरे खोडिली. मग स्वारी परत फिरावी तो धुरपदाबाई आडव्या आल्या. "एकटेच जाणार?" महाराज म्हणाले, "आमचे संगे फौज आहे." "घोडी आहेत ना? पळतात. पंतांना विचारा." महाराजांनी पंतांकडे पाहिले. पंत म्हणाले, "न पुसता गेला, स्वामी." मग परगणा पुन्हा निघाला.

ते समयी शेजारच्या राज्याचा वकील तहाकारणे राजधानीस आला, आणि सांजेस एकही दिवा न पाहून राजधानी बेचिराग लिहून परत गेला. त्यास पोहोचवावयास कोणी नव्हते, याची हळहळ परगणियात अद्याप करितात.

पुढे अस्वल राहिले नाही, परंतु चाल राहिली. विहिणी थकल्या तेव्हा मधल्या धोंड्यावर बसू लागल्या. एके दिवशी धुरपदाबाई म्हणाल्या, "आता वरची वाट धरायची वेळ आली माझी." कोंडाबाई म्हणाल्या, "चला, येते पोहोचवायला." "आणि परत, विहीणबाई? एकट्या?" कोंडाबाईंनी दिवटी ह्या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "तुमचे वडे बरे होते. मीठ जरा कमी होतं, इतकंच."

तात्पर्य, परगणियाचा भूगोल म्हणजे एक वाट, इतिहास म्हणजे तिजवरील येणे-जाणे, आणि माणसे वाटेवर. शोधणाराने सांजेस यावे, दिवे दिसतील. हकिकत संपूर्ण.