धोंड्याच्या महिन्यातला पेट्रोलचा काटा

मला त्या दिवशी काही म्हणजे काही करायचं नव्हतं. पाय धुवून घ्यायचे, ओवाळून घ्यायचं, जेवायचं आणि गप्प बसायचं. एवढंसुद्धा ज्याला जमत नाही त्याला काय म्हणतात, ते माझ्या बायकोला विचारा. ती अजून म्हणते.

शहाण्णव साली आषाढ अधिक आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. एरवी ज्या घरात आपल्याला दुसऱ्यांदा चहा विचारत नाहीत, तिथं या महिन्यात आपण साक्षात विष्णू असतो. (हा विष्णू साताऱ्याला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात आवक-जावक बघतो आणि सायकलवरून कामावर जातो, एवढाच काय तो फरक.) माझं सासर रहिमतपूरचं. सासरे मिलिट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. मी त्यांना मामा म्हणतो आणि शक्यतो लांबूनच म्हणतो.

एस्टीत शकुंतला माझ्या कानाशी वाकली.

"आईचा निरोप आहे. आबा बहुतेक त्यांची मोटारसायकल तुम्हाला वाण म्हणून देणार. गुडघ्यामुळं किक मारवत नाही त्यांना."

माझ्या पोटात गुदगुल्याच झाल्या. सायकलवरून यवतेश्वराच्या बाजूचा चढ रोज चढणाऱ्या माणसाला ते कळेल.

"पण अजून पक्कं नाही," ती म्हणाली. "आबांना आगाऊ माणूस चालत नाही. तेव्हा जेवण होईपर्यंत कशालाही हात लावू नका."

"मी कशाला हात लावतो?"

"मिक्सरला लावलात. शेजारच्यांच्या बेलला लावलात, ती अजून नळ सोडला की वाजते."

मी हात न लावण्याचं कबूल केलं. अगदी मनापासून केलं होतं.

गाडी अंगणातच होती. धुतलेली, पुसलेली, हेडलाइटवर हळदीकुंकू. आत भांड्यांचा आवाज चालला होता. मी नुसता बसून बघावं म्हणून बसलो, आणि बसलोच आहे तर चावी फिरवावी म्हणून फिरवली. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला. पेट्रोलचा काटा मात्र डाव्या कडेला आडवा पडलेला. तेवढ्यात मामा बाहेर आले.

आता इथं मी नुसतं "छान आहे गाडी" म्हणालो असतो, तर ही गोष्ट इथंच संपली असती.

"मामा, टाकीत पेट्रोल नाही का?"

मामांनी एकदा घराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग त्यांनी पुढं येऊन टाकीच्या झाकणावर हात ठेवला. "नसंल कसं? फुल हाय. मिल्ट्रीचा मानूस टाकी रिकामी ठेवतोय व्हय?"

"मग काटा?"

"काटा व्हय." त्यांनी झाकणावरची नसलेली धूळ पुसली. "काटा खराब हाय. लय दिस झालं."

"झाकण उघडून बघू?"

"नगं. वाफ जाती."

म्हणजे फॉल्ट मीटरचा. माझे हात शिवशिवायला लागले. ऑफिसातल्या ट्यूबलाइटी मीच लावतो, आणि रेडिओ दुरुस्तीचा पोस्टाने येणारा कोर्स मी निम्मा केलेला आहे. (दुसऱ्या निम्म्यात तो परत कसा जोडायचा ते होतं.) शिवाय सासऱ्यांच्या मनात आपल्याविषयी काही पक्कं व्हायचं असेल, तर याहून चांगली संधी कुठली?

"मामा, मी बघतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"ऱ्हाऊ द्या जावईबापू. छोडो."

"तुम्ही नाही म्हणू नका."

मामा तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाई दारात आल्या. "आवं, धोंड्यात जावयाला न्हाई म्हनायचं नसतंय. करू द्या त्यास्नी." मामांचं तोंड मिटलं. त्यांनी स्वतः जाऊन स्क्रू ड्रायव्हर आणून दिला.

हेडलाइट उघडला आणि आतून रंगीबेरंगी वायरींचा एवढा गुंता बाहेर आला, की एवढं सगळं आत राहात कसं होतं याचं मला आश्चर्य वाटलं. कुठली वायर कशात होती हे मी डोक्यात ठेवलं होतं. मग शकुंतलेनं बाहेर येऊन "अहो," एवढंच म्हटलं आणि डोक्यातलं सगळं गेलं.

"काही नाही, काटा बघतोय."

ती आईकडं गेली. आतून कुजबुज ऐकू आली, मग एक लांब उसासा. पुन्हा ती बाहेर आली नाही.

मी बल्बला दोन वायरी बांधून टेस्टर केला आणि एकेक तपासत गेलो. मीटरला करंट येत होता. टाकीखालून येणारी एक वायर होती. ती सोलून सहज गाडीच्या बॉडीला टेकवली, आणि काय सांगू, काटा उठला, सरसर सरकत गेला आणि फुलवर जाऊन उभा राहिला. उचलली की पडायचा, टेकवली की उठायचा. मला इतका आनंद लग्नातसुद्धा झाला नव्हता. ती वायर मी कायमची बॉडीला आवळून टाकली आणि वर काळी टेप गुंडाळली.

(आता मला कळतं, की यावरून मीटर चांगलं आहे एवढंच सिद्ध झालं होतं. पण तेही कोर्सच्या दुसऱ्या निम्म्यातच होतं.)

"मामा, बघा."

मामांनी काट्याकडं बघितलं आणि बघतच राहिले. "फुल दावतंय," ते खोल आवाजात म्हणाले.

"टाकी फुल आहे ना?"

"हाय की."

उरलेल्या वायरी मी रंगाला रंग बघून जोडल्या, आणि रंग संपल्यावर अंदाजाने. डावा इंडिकेटर दिला की न्यूट्रलचा दिवा मिचमिचायचा आणि ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. मी म्हटलं, ब्रेक लावताना हॉर्न वाजलेला बराच की, पुढच्याला कळतं.

"मामा, मघाशी पेट्रोलचा वास येत होता पण. पडवीतनं."

"त्यो अनारशाच्या तुपाचा," आतून सासूबाई तातडीनं म्हणाल्या.

जेवण झालं. पुरणाचे धोंडे झाले. सासूबाईंनी ओवाळलं आणि तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे माझ्यापुढं ठेवले. अनारशांवर दिवा आणि दिव्याशेजारी गाडीची चावी. मला भरून आलं. शकुंतलेच्या डोळ्यांत पाणी होतं, ते कशाचं हे मला तेव्हा नीट कळलं नाही.

निघताना मामा गाडीशी घुटमळत होते.

"जाताना पंपावर जरा हवा बघून घ्या."

"चाकं टाइट आहेत मामा."

"तरी बी. पंपावर थांबाच."

"पंपाच्या अंगाला मारुती हाय," सासूबाई म्हणाल्या. "त्याला हात जोडून जावा. थांबून जोडा."

शकुंतला मागे बसली, मांडीवर अनारशांचा डबा. पंप आला. काटा फुलवर होता. मी चालत्या गाडीवरूनच मारुतीला नमस्कार केला आणि पुढं गेलो. कोरेगावच्या रस्त्याला गार वारा लागत होता. स्वतःची गाडी, मागे बायको, टाकी फुल. ब्रेक दाबला की शेळ्या बाजूला व्हायच्या. आयुष्यात आणखी काही नको असं मला खरोखर वाटलं.

कोरेगाव दिसायला लागलं आणि गाडीनं दोन आचके देऊन जीव टाकला.

मी रिझर्व्हचा खटका बघितला. तो आधीच रिझर्व्हवर होता. मी म्हटलं, प्लग. प्लग काढला, पुसला, बसवला. मग कॉइल. मग पुन्हा हेडलाइट उघडला.

"पेट्रोल असेल का?" शकुंतला म्हणाली.

"काटा बघ की. फुल आहे."

"तो तुम्हीच दुरुस्त केलाय ना?"

"मग?"

"झाकण उघडून बघा."

"वाफ जाते," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग साताऱ्याची एस्टी आली, तिनं हात केला आणि अनारशांच्या डब्यासकट वर चढली. खिडकीतून म्हणाली, "या हळूहळू."

मी ढकलायला लागलो. थोड्या वेळानं मागून फटफट आवाज आला. बिराप्पा दूधवाल्याच्या मोपेडवर मागे मामा बसलेले, हातात प्लास्टिकचा कॅन. उतरले, गुडघा चोळला, "पंपावर थांबला न्हाईसा म्हनं," म्हणाले आणि टाकीचं झाकण उघडलं. वाफ वगैरे काही गेली नाही. आत काहीच नव्हतं.

"मामा, तुम्ही तर म्हणाला फुल आहे."

"सकाळी आमीच काढलं." ते कॅन ओतत राहिले. "फवाऱ्याच्या पंपाला लागतंय. वाण गाडीचं दिलं, पेट्रोलचं कवा दिलं? रहिमतपूरच्या पंपापातूर पुरंल एवढं ठेवलं हुतं. तुमी विचारलंसा, आन् जावयापुढं रिकामी टाकी हाय म्हनायची लाज वाटली. म्हनलं काटाच खराब."

"म्हणजे काटा चांगला होता?"

"लय चांगला हुता," मामा म्हणाले. "सकाळपातूर."

मला तिथंच रस्त्यात बसावंसं वाटलं. मामा रागावले नाहीत. अधिक महिना होता, रागावता येत नव्हतं. कॅन रिकामा झाला तरी काटा फुलवर तसाच उभा होता. तो अजून तिथंच आहे. खाली आणायला म्हणून मी दोनदा वायरिंग उघडलं, तर आता किक मारली की हॉर्न वाजतो.

अधिक महिना पुन्हा आला तो तीन वर्षांनी, नव्व्याण्णव साली. आम्ही परत रहिमतपूरला गेलो. (मी काही कुणाला विचारलं नाही. शकुंतलेनं शपथ घातली होती.) सासूबाईंनी ओवाळलं, ताट पुढं केलं. अनारशांवर वेळूची एक छोटी काठी होती, तासून गुळगुळीत केलेली, वर हळदीकुंकू लावलेलं. मामांनी स्वतः केली होती.

"टाकीत बुडवून बघायची," ते म्हणाले. "हिला वायर न्हाई."

काठीवर चाकूनं खुणा कोरल्या होत्या आणि प्रत्येक खुणेपाशी मामांच्या ठसठशीत अक्षरात एकेक शब्द होता. सगळ्यात वर "सांगली". त्याच्या खाली "सातारा". मग "कोरेगाव". आणि अगदी बुडाशी, शेवटच्या खुणेवर, "जावईबापू, उतरा".