जिन्याखालच्या बेचाळीस चिठ्ठ्या

भाचा फोन उगारून दुकानात शिरला, तेव्हा मावशींचं मौन सुटायला वीस मिनिटं बाकी होती. पुढचा सगळा घोटाळा त्या वीस मिनिटांत झाला.

दुकान जिन्याखालचं. उंच माणसाने वाकून आत यावं आणि बाहेर पडताना विसरून डोकं आपटून घ्यावं, असं. तिथे चेन दुरुस्त व्हायच्या. दप्तरांच्या, जाकिटांच्या, प्रवासी बॅगांच्या, एकदा तर एका तंबूची. बत्तीस वर्षं मावशी तिथे बसत होत्या. दुकान उघडल्यापासून दहा वाजेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, हा त्यांचा रोजचा नेम. दिवसाचे पहिले टाके देवाचे, त्यात आपलं तोंड घालू नये, इतकाच त्यामागचा विचार. गिऱ्हाइकांच्या हे अंगवळणी पडलं होतं. ती खुणेने बोलत, नाहीतर दहानंतर येत.

भाच्याच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं. तो चार दिवसांपूर्वी मुक्कामाला आला होता, आणि येताना 'छोटा धंदा, मोठी झेप' नावाचा तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स ताजा ताजा करून आला होता. त्यात मावशींची अडचण त्याच्या कानावर आली. सोमवारी जागेचा करार संपत होता, घरमालक धड हो म्हणत नव्हते की नाही, आणि कोपऱ्यावरचा कॉफीवाला टेप घेऊन दोनदा जिना मोजून गेला होता.

"मालक असे का वागतात, सांगू?" भाचा म्हणाला. "तू त्यांना दिसतच नाहीस. जिन्याखाली कोण बघतंय? तुझ्यामागे हजार माणसं उभी दिसली ना, की मग बघू कोण हलवतंय तुला. दुकानाचं ऑनलाइन पान मी काढलंय. आता फोटो हवेत. खरे, जवळून घेतलेले. नटवलेलं लोकांना आवडत नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं. टाकू ना?"

मावशींनी सुई थांबवली आणि दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली. म्हणजे, दहा वाजू देत, मग बोलू.

"दहाच?" भाचा म्हणाला. "मावशी, धंद्यात एवढा संकोच करायचा नसतो. मी सगळेच टाकतो."

मावशींनी मान हलवली, हात हलवले, शेवटी कात्रीने टेबलावर टकटक केलं. मावशींचे यजमान दाराशी स्टुलावर वर्तमानपत्र वाचत होते. ते पानाआडून म्हणाले, "अरे, ती काहीतरी सांगतेय."

"उत्साह आलाय तिला, काका. सुरुवातीला सगळ्यांना येतो."

दहा वाजले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "फोटो टाकू नकोस."

"टाकले की. बेचाळीस. तुझ्या फोनवरून सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना निमंत्रणं गेली, भाडेकरूंच्या गटात गेलं, घरमालकांना तर मी वेगळा निरोप पाठवला. 'आपलं प्रेम असू द्या' म्हणून. नेटवर्किंग असंच असतं, मावशी. एकेका माणसापर्यंत पोचायचं."

मावशींनी सुई ठेवून दिली. त्यांच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या, खिळ्यांना दुरुस्तीच्या वस्तू लटकत होत्या, आणि प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी टाचलेली होती. भाच्याचा फोन चांगला होता. दुर्दैवाने फारच चांगला होता.

त्या चिठ्ठ्यांवर नावं नव्हती. मावशी गिऱ्हाइकाचं नाव कधी लिहीत नसत. अगदी सुरुवातीला लिहीत, तेव्हा एकाच नावाच्या दोघांची जाकिटं अदलाबदल झाली आणि दोन घरांत महिनाभर अबोला राहिला. तेव्हापासून मावशी माणूस लिहू लागल्या. त्याचाही नियम होता. कोणाचं नाक, रंग, चाल, वय लिहायचं नाही. ते देवाने दिलेलं. माणूस जे स्वतः करतो, तेवढंच लिहायचं. त्यानंतर एकही वस्तू चुकीच्या हातात गेली नव्हती. आणि बत्तीस वर्षांत मावशींखेरीज कोणी त्या चिठ्ठ्या वाचल्याही नव्हत्या, कारण जिन्याखाली तेवढा उजेडच नव्हता.

साडेदहाला शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. उशिरा येणाऱ्या मुलांना फाटकाबाहेर उभं करण्याबद्दल त्या प्रसिद्ध होत्या. त्यांनी फोन मावशींच्या नाकासमोर धरला. चिठ्ठी स्वच्छ वाचता येत होती: 'उद्या नेते म्हणतात, सहाव्या दिवशी येतात.'

"हे माझ्याबद्दल आहे?"

"बॅग तुमची आहे का?"

"आहे."

"मग तुमच्याबद्दलच."

"शाळेतली मुलं बघतायत हे, मावशी. एकाने खाली सहाचा आकडा काढून हसरं तोंड टाकलंय."

"चिठ्ठी तुमच्या माझ्यातली होती. ती चारचौघांत गेली, ही आमच्या घराची चूक. त्याबद्दल मी हात जोडते," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी खरंच हात जोडले. "पण आजचा कितवा दिवस आहे?"

मुख्याध्यापिकांनी बोटं मोजली, बॅग उचलली आणि बाहेर पडताना डोकं आपटून घेतलं.

मग रीघच लागली. दाताच्या डॉक्टरांच्या जाकिटावर लिहिलं होतं, 'दुखणार नाही म्हणणारे.' त्याखाली त्यांच्याच सव्वीस पेशंटांनी सह्या केल्यासारखं 'अगदी खरं' लिहिलं होतं. व्यायामशाळेच्या मास्तरांची चिठ्ठी होती, 'स्वतः ओढून तोडतात, चेन हलकी होती म्हणतात.' मास्तर भांडायला आले, तावातावाने हातातली दुसरी बॅग उघडायला गेले आणि तिचीही चेन ओढून हातात आली. ते ती बॅग टेबलावर ठेवून निघून गेले.

सगळ्यांत वाईट झालं ते दोघी जावांचं. दोघींकडे एकसारख्या निळ्या पर्स होत्या, दोघींनी एकमेकींची पर्स नकळत नेऊन बिघडवली आणि गुपचूप दुरुस्तीला टाकली होती, आणि भाच्याने त्या 'आमचं बारीक काम' म्हणून एकाच फोटोत शेजारी शेजारी टिपल्या होत्या. एकीवर 'धाकटीला सांगू नका', दुसरीवर 'थोरलीला सांगू नका.' दोघी एकदमच आल्या.

"माझी घेऊन गेलीस ना लग्नाला, तेव्हाच तुटली असणार," थोरली म्हणाली.

"मी कशाला नेईन? माझी तुम्ही भाजीला नेली होती. बटाटे भरले होते तिच्यात."

"बटाटे भरले हे तुला कोणी सांगितलं?"

"पर्सनेच सांगितलं. तळाला माती होती."

"पर्स कोणती कोणाची, ते आधी ठरवा," मावशी म्हणाल्या. "आमच्या खिळ्यावर तरी त्या आठवडाभर गुण्यागोविंदाने होत्या."

दुपारपर्यंत भाच्याचा चेहरा पडला. त्याने सगळे फोटो काढून टाकले, पण तोवर ते गल्लीतल्या प्रत्येक फोनमध्ये जाऊन बसले होते. मग त्याने कोर्सची वही उघडली, 'संकट आणि संधी' हा धडा काढला आणि माफीनामा लिहून आणला.

"वाचतो, ऐक. 'प्रिय परिवार, आपल्या भावना आम्हाला मोलाच्या आहेत. कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत. आपल्या विश्वासाच्या धाग्याने आमचा प्रवास असाच विणला जावो.'"

"यात कोणी काय केलं, ते कुठे आहे?" मावशींनी विचारलं.

"ते लिहायचं नसतं."

"मग ही माफी कशाची?"

"कशाचीच नाही, मावशी. म्हणून तर ती चालते."

"माझ्या नावाने काही पाठवू नकोस. फोटो बाहेर गेले त्याची माफी मी एकेकाला तोंडाने मागतेय. लिहिलं त्याची मागणार नाही. त्यातलं एक तरी खोटं असेल तर दाखव."

भाच्याने बेचाळीसच्या बेचाळीस फोटो पुन्हा पाहिले. एकोणचाळिसाव्याशी तो थबकला आणि हळूच म्हणाला, "मावशी, ही मोठी काळी प्रवासी बॅग कोणाची?"

"घरमालकांची."

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'जिन्यात दिवा लावतो म्हणणारे.'

यजमानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. गेल्या कित्येक वर्षांत दुकानाच्या वेळात त्यांनी ती घातली नव्हती. "यांना तू वेगळा निरोप पाठवलास ना?" त्यांनी भाच्याला विचारलं. "प्रेम असू द्या म्हणून?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मालकांकडून काहीच आलं नाही. भाडेकरूंच्या गटात मात्र तिसऱ्या मजल्यावरच्यांनी लिहिलं की, मला पाच वर्षं सांगतायत. चौथ्यावरच्यांनी लिहिलं, मला सात. गच्चीवरच्या खोलीतले आजोबा फार कमी बोलत. त्यांनी नुसता नऊचा आकडा टाकला.

एक वेगळाच प्रकार सोमवारी सुरू झाला. अनोळखी माणसं धडधाकट बॅगा घेऊन येऊ लागली. "चेन चांगली आहे हो," एक बाई लाजत म्हणाल्या, "पण माझी चिठ्ठी काय होईल, तेवढं लिहून द्या ना."

"बिघडल्याशिवाय मी कोणाला लिहीत नाही," असं म्हणून मावशींनी त्यांना परत पाठवलं.

"अगं, ही संधी आहे," भाचा कळवळला. "वहीत पुढच्याच पानावर आहे."

बारा वाजता घरमालक आले. फोनचा दिवा जिन्यात पाडत, एकेक पायरी चाचपत आले, आणि तो दिवा विझवायचं विसरून तसेच मावशींसमोर उभे राहिले. त्यांच्या काखेत करार होता.

"सोसायटीच्या सभेत मला लोक हसले," ते म्हणाले. "माझा स्वतःचा जावई हसला. दिवसभर हसला."

"फोटो बाहेर गेला, ते चुकलं," मावशी म्हणाल्या. "त्याबद्दल माफ करा."

"ते सोडा. हा करार आणलाय. कॉफीवाल्याचाही तयार आहे, खिशात. मी काही वाईट माणूस नाही. तुम्ही एवढंच करा, ती चिठ्ठी काढा आणि नुसतं 'घरमालक' लिहा. भाच्याला त्याचा फोटो टाकू दे. मी इथेच सही करतो."

भाचा मावशींच्या कानाशी आला. "लिही ना. एक शब्द आहे. बत्तीस वर्षांचं दुकान आहे, मावशी."

मावशींनी भिंतीकडे पाहिलं. खिळ्यांकडे, शिवणयंत्राकडे, पाय ठेवून ठेवून खोलगट झालेल्या फरशीकडे. मग त्यांनी खाली पाहिलं आणि अर्धवट राहिलेली चेन पुन्हा हातात घेतली.

"या गल्लीत घरमालक अकरा आहेत," त्या म्हणाल्या. "नुसतं 'घरमालक' लिहिलं तर बॅग कोणाची ते मला कळणार नाही."

"मी समोर उभा आहे. तुम्हाला माहीत आहे ती माझी आहे."

"मला माहीत आहे म्हणूनच तसं लिहिलंय. दुसरं काही लिहायचं, तर तुम्ही दुसरं काही करायला हवं. जागा हवी तर कॉफीवाल्याला द्या. यंत्र मी समोरच्या ओट्यावर नेईन. तिथे उजेडही बरा आहे. पण चिठ्ठी तिथेही हीच राहील."

हे सगळं त्या इतक्या हळू आवाजात बोलल्या की मालकांना ऐकायला वाकावं लागलं. ते सरळ झाले, डोकं आपटलं, आणि दोन्ही करार घेऊन निघून गेले.

"संपलं," भाचा म्हणाला.

"यंत्राचा पट्टा सोडून ठेवा," मावशी यजमानांना म्हणाल्या. "ओट्यावर न्यायचं तर दोघं लागतील." आणि त्या शिवत राहिल्या. टाका सरळ जात होता.

तासाभराने बाहेर शिडी टेकल्याचा आवाज आला. मग कोणी तरी ड्रिल चालवलं, वरून चुन्याची भुकटी दुकानात पडली, वायरमनने "बटण दाबा" म्हणून सांगितलं, आणि जिन्यात दिवा लागला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मावशींना स्वतःच्या दुकानाचे कोपरे दिसले. ते झाडायला झाले होते.

मालक पुन्हा आले. या वेळी फोन खिशात होता.

"आता?" ते म्हणाले.

मावशींनी जुनी चिठ्ठी काढली, फाडली, कोरी घेतली आणि पेन्सिलने लिहिलं, 'जिन्यात दिवा लावला. नवव्या वर्षी.'

मालकांनी ती नव्या उजेडात वाचली. "नवव्या वर्षी कशाला?"

"लावलात तो आज. आधीची आठ वर्षं मी कुठे टाकू?"

"लावला एवढं पुरत नाही का?"

"मला पुरतं. गच्चीवरच्या आजोबांना विचारून या."

मालक आजोबांना विचारायला गेले नाहीत. त्यांनी करार टेबलावर उलगडला, सही केली आणि म्हणाले, "ती पेन्सिल द्या जरा इकडे. आणि एक कोरी चिठ्ठी."

त्यांनी आडोसा करून काहीतरी लिहिलं, मावशींच्याच डबीतली टाचणी घेतली आणि चिठ्ठी करारावर, जिथे भाडेकरूचं नाव असतं तिथे, टाचली. मग कागद मावशींपुढे सरकवला. चिठ्ठीवर होतं, 'जिन्याखालच्या. ऐकत नाहीत. कोणाचंच.'

भाचा वाकून वाचून दचकला. "मावशी, अशी सही करू नकोस. आधी त्यांना हे काढायला सांग. करारावर असं राहिलं तर तुझी प्रतिमा काय होईल?"

मावशींनी चिठ्ठी एकदा वाचली. यात नाक, रंग, चाल, वय काही आहे का, ते पाहायला पुन्हा एकदा वाचली. काहीच नव्हतं.

मग त्यांनी मालकांच्या हातातून पेन्सिल घेतली, 'कोणाचंच'खाली एक ठसठशीत रेघ ओढली, आणि पेन घेऊन सही केली.