उन्हात वाळवलेले सेल

सेल भरलेत की नाही ते एकदा बोलून बघू, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात चूक काय? बाजारात कांदा घेताना आपण दाबून बघतो की नाही?

मी भगवंत. शाळा चौथीपर्यंत (तिसरीतलं विचारा, चौथीतलं विचारू नका). अवसरीच्या यात्रेत शर्यतीच्या घाटात बैलगाडे पळतात, तेव्हा हातात भोंगा घेऊन बाऱ्या, म्हणजे आता कुणाचा गाडा सुटणार ते, पुकारायचा मान माझा. पण गेल्या साली ऐन फायनलला भोंग्याचे सेल बसले आणि मी नुसतं तोंड हलवत उभा. यात्रा कमिटीचा सावळेराम तेव्हाच म्हणाला, "भगवंता, फुडल्या साली भोंगा बंद पडला तर मान संपतला." संपत आमच्याच आळीतला. त्याला पुकारता येत नाही, ओरडता येतं. हल्ली लोकांना फरक कळत नाही.

म्हणून जावयाला सांगितलं. सुदर्शन भोसरीला इलेक्ट्रॉनिकच्या कंपनीत आहे. यात्रेला आला तो नवा चार्जर आणि निकेलचे आठ सेल घेऊन.

"मामा, हे तासाभरात फुल होतात."

"तासात? जुना चार्जर रातभर घ्यायचा. पावणं, घाईत शिजवल्याली डाळ कच्ची ऱ्हाती."

"यात आयसी आहे मामा, नखाएवढी. सेल भरत आला की व्होल्टेज चढतं, भरला की किंचित उतरतं. ते तिला कळतं आणि ती चार्जिंग तोडते. शिवाय सेल तापले असतील तर..."

"मानसाला सवताचं पोट भरल्यालं कळंना, आन ह्या नखाला दुसऱ्याचं कळतंय व्हय?"

मग त्यानं दिवे समजावले. लाल म्हणजे भरतंय, हिरवा म्हणजे भरलं. तिसराही एक दिवा होता. पण तोवर मला आठवलं की परवा मंचरच्या स्टँडवर हाच जावई संपतबरोबर चहा पीत होता! झालं. माझे कान बंद, डोकं सुरू. (माझ्या डोक्याला चार्जिंग लागत नाही. संशय पुरतो.)

यात्रेच्या आदल्या दिवशी तासाभरातच हिरवा दिवा लागला. इतक्या लवकर? मी सेल भोंग्यात घातले आणि ओट्यावरून पुकारलं, "साळूऽ, चहाऽ!"

साळूबाई, म्हणजे आमची मंडळी, दोन हातांवर कुरडयांचा चीक हाटत होती. "भोंगा खाली ठिवा. मी बहिरी न्हाई."

पण खात्री नको? मी बैलांना हाक मारली, शेजाऱ्याच्या म्हशीला मारली, रस्त्यानं जाणाऱ्या यष्टीला थांबवलं आणि पुढं जायला सांगितलं. दुपार कलली तेव्हा भोंग्याचा आवाज सर्दी झालेल्या शेळीसारखा निघायला लागला.

"बघितलं? कच्चं सेल! जावई संपतला सामील हाय."

"सकाळधरनं तुमी वराडताय, त्यो काय करंल?"

बाईमाणसाला यातलं काय कळतं? बॅटरीचे सेल मी जन्मभर उन्हात वाळवून चालवले. यात्रेच्या दिवशी सकाळीच आठही सेल पत्र्यावर कुरडयांच्या रांगेत मांडले. ऊन दर वर्षी असतं, त्याला कुणी चहा पाजून फोडत नाही. सुदर्शन आमच्या लेकीला, वृषालीला घेऊन नारायणगावला पाव्हण्यांकडं गेलेला, त्यामुळं टोकायला कुणी नव्हतं.

दुपारी उपरण्यात धरून सेल काढले (हात लावू देत नव्हते) आणि चार्जरात घातले. लाल दिवा लागेचना! पिवळा लुकलुकायला लागला.

"ही बघ! भरायला जागाच न्हाई. काठोकाठ!"

"अवं, पिवळ्याचं जावई काय म्हनलं व्हतं..."

"तू कुरडया बघ."

घाटात माणूस मावत नव्हतं. संपत माझ्या शेजारीच येऊन उभा, घसा खाकरत. मी भोंगा तोंडाला लावला. "पुढची बारी, गाडा जुपून घ्याऽ..." आणि भोंगा मेला. थापट्या मारल्या, फुंकलं, शिव्या घातल्या. माणसं ओरडायला लागली, "आवाज! आवाज!" सावळेरामनं हात पुढं केला, भोंगा काढून घ्यायला.

तेवढ्यात समोरच्या डगरीवरनं, जिथं बायका बसतात तिथनं, आवाज आला.

"अवंऽऽ! सेल भरल्यालंच न्हाईत! तापल्यात म्हून पिवळा लागला व्हताऽ! गार करून लावायचं, जावई दोनदा म्हनलं व्हतंऽऽ!"

अख्खा घाट चिडीचूप. बैलांनी कान टवकारले. निशाणवाल्याला वाटलं बारी पुकारली, त्यानं निशाण टाकलं आणि गाडा सुटला. तो पहिल्या नंबरात आला.

"भगवंता," सावळेराम म्हणाला, "वैनीस्नी इकडं बोलाव."

संध्याकाळी सुदर्शन परत आला, तेव्हा मी त्याला मंचरच्या चहाचं विचारलं. म्हणाला, "मामा, तुमच्या भोंग्याला कोणत्या मापाचे सेल लागतात ते संपतभाऊंनीच तर सांगितलं. तुम्ही भोंगा बघू देत नव्हता."

तेव्हापासून मान साळूबाईचा. संपतलाही मिळाला नाही, तेवढंच समाधान. मी तिच्या मागं पाण्याचा तांब्या घेऊन उभा असतो. पहिल्या साली तिनं एक बारी चुकीची पुकारली, म्हणून मी चारचौघांत सांगायला तोंड उघडलं. तिनं वळून नुसतं बघितलं. मी आपोआप बंद झालो.

"मामा," शेजारी उभा सुदर्शन हळूच म्हणाला, "आयसी हेच करते."