लिनक्सवाले मेश्रामभाऊ

मेश्रामभाऊ लग्नात आहेर म्हणून लिनक्सची सीडी देत. पाकिटावर लिहिलेलं असे : 'कॉपी करा, वाटा.' दिग्रसच्या एका वधूपित्याने ती सिनेमाची समजून पाहुण्यांसमोर टीव्हीवर लावली. काहीच दिसेना. मेश्रामभाऊ म्हणाले, "ते पाहाचं नसते, वापराचं असते!"

आमच्या तहसील कचेरीत ते कारकून, मी अव्वल कारकून. कापसाने तालुक्याची कंबर मोडली होती त्या वर्षांतली ही गोष्ट. विकतच्या सॉफ्टवेअरचा खर्च नको म्हणून वरून हुकूम आला, सगळ्या संगणकांवर लिनक्स घाला. बाकीच्यांनी कपाळाला हात लावला. मेश्रामभाऊंनी पेढे वाटले.

"मॅडम, याले मालक नाही. कोनीबी उघडा, कोनीबी सुधरवा. विहीर समजा. पन आमच्या आज्याले हाकललं तशी नाही बरं! इथं सगळेच पानी भरतेत."

काही अडलं की ते इंटरनेटवरच्या मदतीच्या फळ्यावर प्रश्न टाकत. "इचारून पाहू" हे त्यांचं पालुपद. मला धडकी भरे. सरकारी काम, आणि विचारायचं अनोळखी माणसांना!

एका सकाळी नको तेच झालं. घरचा कर्ता गेलेल्या बायकांच्या मदतीचे प्रस्ताव उघडले, तर मराठीच्या जागी किडेमुंग्या. जुना फाँट नव्या यंत्रणेला कळेना. संध्याकाळच्या एसटीने कागद यवतमाळला गेले नाहीत, तर उद्याच्या बैठकीत या बायका नव्हत्याच. सगळं पुन्हा टाइप करायला आठवडा हवा.

वऱ्हांड्यात ताटकळलेल्या बायकांतून शांताबाईने विचारलं, "बाई, माह्यं नाव पुसलं काय?"

"नाही हो," मी म्हणाले आणि आत येऊन ओरडले, "जुनं घाला परत!"

"जुनं तं काढून टाकलं, मॅडम. इचारलं हाय."

"कुणाला?"

"जगाले."

जेवणाचे डबे तसेच राहिले. मी घड्याळाकडे बघे, ते पडद्याकडे. शेवटी उत्तर आलं ते ढाक्याहून. तिथल्या एका कारकुनाची बंगाली अशीच बिघडली होती. त्यावर त्याने केलेला छोटा प्रोग्राम त्याने पाठवला. आमच्या फाँटची अक्षरं मेश्रामभाऊंनी त्यात एकेक करून बसवली. किडेमुंग्यांची नावं झाली. मी भराभर छापत गेले, शिपाई धावत गाडीत बसला. शांताबाईला पडद्यावर तिचं नाव दाखवलं. वाचता येत नसूनही तिने त्यावर बोट ठेवलं.

ढाक्याच्या माणसाचे आभार मानायला म्हणून मी तो फळा पाहिला. खाली मेश्रामभाऊंचेच प्रश्न. फोल्डर कसं बनवायचं? घड्याळ कसं लावायचं? हे तर आम्हाला त्यांनीच शिकवलेलं.

"हे येतं ना तुम्हाला?"

"येते ना." ते चष्मा पुसू लागले. "पन इचारलं का कोनीतरी बोलते. बायको गेल्यापासून घरी कुलूपच तेवढं बोलते, उघडतानी."

कचेरी बंद करायची वेळ झाली होती. मी पर्स खाली ठेवली, खुर्ची ओढली.

"मेश्रामभाऊ, छापायला कसं द्यायचं, जरा सांगता?"

मघाशी मीच भराभर छापत होते, हे त्यांनी पाहिलं होतं. तरी ते अगदी पहिल्यापासून सांगू लागले.