बोटवाल्याचं दार

तुळशीराम बोटवाल्याच्या घराला दार नव्हतं. म्हणजे दार होतं, चांगलं सागवानी. पण ते चौकटीतून काढून त्यानं चार विटांवर आडवं टाकलं होतं आणि त्याच्यावर तो झोपायचा. म्हणायचा, "दार उभं केलं का मानसाले कोंडते. आडवं केलं का झोपवते." खिडक्यांची झडपं तर चुलीत गेली होती.

आमच्या मोताळ्याच्या उन्हाळ्यात असं घर ठेवणारा माणूस एक तर वेडा असावा, नाही तर खलाशी. तुळशीराम खलाशी होता. सात पिढ्यांत कुणी समुद्र न पाहिलेल्या घरातला हा माणूस तरुणपणी कापसाच्या गाठींबरोबर मुंबईला गेला आणि एका शेठच्या हौसेच्या आगबोटीवर लागला. साहेबलोक तिला यॉट म्हणत, हा याट म्हणायचा. परत येताना त्यानं एकच कमाई आणली : शिडाच्या जाड कापडाची लांबलचक सोंड. बोटीवर ती डोलकाठीला टांगत. तोंड वाऱ्याकडे, शेपूट खालच्या खोल्यांत. वारा वरून शिरायचा आणि खाली माणसं गार व्हायची.

ती सोंड त्यानं धाब्याला भोक पाडून घरात सोडली. समुद्रावरचा वारा आणि वैशाखातला आमचा वारा यांत फरक असतो, हे त्याला कुणी पटवू शकलं नाही. भर दुपारी सोंडेतून भट्टीसारखी झळ यायची, धूळ यायची, शेजारच्या खळ्यातलं कुटार, भुसकट यायचं. एकदा गांधीलमाशी आली. हा आपला झटकून खाली बसलेला.

"काका, सारं गाव दुपारी दारं लावून बसते," मी म्हणायचो.

"गाव कोंडलेलं हाये बे. हवा पाहुणी असते. तिले बलवा लागते, तिच्यावर हुकूम नाही चालत."

हे वाक्य मला फार आवडलं. कारण हुकमांचा मला राग आहे. आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं. हुकूम नागपुराहून येतात, आणि उन्हाळ्यात त्यांच्या पाठोपाठ साहेब येतात. मग डाकबंगल्याच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लागतात. भिस्ती दिवसभर त्यांवर पाणी मारतो, आत साहेब गार होतो, आणि बाहेर उन्हात अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसाला गडूभर पाणी कुणी विचारत नाही. यावर मी पत्रक काढलं : 'ताटी प्याली, रयत तहानली'. दारावर काहीच न चढवणारा, ताटीचा असा जातिवंत वैरी गावातच सापडल्यावर त्याला सोडणार कोण? बाजाराच्या दिवशी सभेत बोलायचं त्यानं कबूल केलं. "पन मांडव नको. उघड्यावर."

बोलायला त्याच्याकडे गोष्ट होती. शेठनं तांबड्या समुद्रात जाण्याआधी बोटीवर गार हवेचं यंत्र बसवलं. बर्फाच्या पेटीवरून पंखा वारा ढकलायचा. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून बोटीच्या साऱ्या गोल खिडक्या पेच मारून बंद. सोंडही उतरवली. दोन दिवस शेठ भर उन्हाळ्यात शाल पांघरून शिंकत बसला. तिसऱ्या दिवशी यंत्र बंद पडलं, आणि पेच काढायचं हत्यार कुणाला सापडेना. "शेट बनियनवर धावत वर आला अन् म्हने, तुळशीराम, तुही सोंड कुठी हाये?" इथं तो मांडीवर थाप मारायचा आणि गोष्ट संपायची. दर वेळी इथंच.

या साऱ्या कारभाराला कंटाळून त्याची बायको, सगुणाकाकू, दोन वर्षांपूर्वी भावाकडे वरवट बकालला निघून गेली होती. शेळीनं घरात शिरून परातीतलं पीठ खाल्लं, त्या दिवशी. दर बाजाराला तिकडच्या गाडीवानाबरोबर तुळशीराम निरोप धाडायचा, "हवा चांगली सुटली, ये." पुढच्या बाजाराला उत्तर यायचं, "दार लावलं का?" दोन वर्षांत दोघांपैकी कुणी शब्द बदलला नव्हता.

सभेच्या दिवशी मी बाजारात त्याला शोधत फिरलो. सापडला तो काष्ठौषधीवाल्यापाशी. वाळ्याचा भारा बांधून घेत होता.

"काका, हे काय?"

"वाळा."

"ते दिसून राह्यलं. काऊन?"

"लागते," म्हणाला, भारा डोक्यावर घेतला आणि निघून गेला.

सभेला मी, तीन म्हातारे आणि एक दारुडा. मी घरी येऊन दुसरं पत्रक लिहायला घेतलं : 'घरभेद्यांपासून सावध'. छापण्याआधी ते त्याच्या तोंडावर वाचून दाखवायचं ठरवलं आणि चार दिवसांनी भर दुपारी गेलो.

दार चौकटीत होतं. उघडं होतं, आणि चौकटभर वाळ्याची ताटी बसवली होती. कडा शिडाच्या कापडानं शिवलेल्या, खलाशी शिवतात तसा जाड टाका. त्यानं सोंड फाडली होती, उरलेलं कापड खिडक्यांवर आणि धाब्याच्या भोकावर ठोकलं होतं. आणि हा बाहेर, रणरणत्या उन्हात उकिडवा बसून गडूनं ताटीवर पाणी मारत होता.

"काकू आल्या?"

"आली. भावानं आनून घातली. तापानं पार सुकली. वैदबुवा म्हने, गारव्यात ठेवा."

"अन् तुमची पाहुणी?"

"आता बी पाहुणीच हाये. पाहुणी आली का पायावर पानी देतो का नाही आपन? हिचे पाय धुवून आत घेऊन राह्यलो."

मी पत्रक उघडलं. तेवढ्यात आतून काकूंचा बारीक आवाज आला, "कोन, पत्रकवाला हाये का? पानी पिऊन जाय बापा."

आत अंधार होता, वाळ्याचा वास होता आणि खरंच गार होतं. काकू बाजेवर पडून होत्या. मी म्हणालो, "काकांनी दार लावलं शेवटी."

"लावलं. शेटची गोष्ट सांगतली असन तुले. तिची शेपटी नाही सांगत ते. खिडक्यायले पेच मारून खालच्या कोठीचं दार लावलं तवा आत हेच होते. कोनाच्या ध्यानातच नाही राह्यलं. अर्धा दिवस. काढलं तवा तोंडातून शब्द निघत नव्हता म्हनतात. तवापासून बंद जागी जीव नाही राहत त्याहिचा. पाहुणीबिहुणी मंग सुचलं."

"तुम्हाले ठाऊक होतं?"

"हाव. तरी म्या हट्ट धरला. बाईमानसाले दार लागते बापा." ताटीवर पाण्याचा सपकारा बसला. "त्याहिनं लावलं. अन् आपुन बाहेर राह्यले. चार दिस झाले, उंबरठ्याच्या आत पाय नाही."

त्यांनी मान वळवून हाक मारली, "अवो, या ना आत. गार हाये."

"नाही वं," बाहेरून आवाज आला. "इथं मस्त हवा हाये."

मी बाहेर आलो. झळीनं कान भाजले. तो ताटीकडे तोंड करून बसला होता, डोळे लाल, मिशीवर धूळ. घागरीत गडू खरवडल्याचा आवाज झाला. पाणी संपलं होतं.

मी पत्रक खिशात घातलं, घागर उचलली आणि विहिरीकडे निघालो.