बाराशे टँकरचा बैल

तुमियेमने दुसऱ्या दिवशीही बैलासमोर निम्मीच बादली आपटली, तसा तिचा नवरा वागियो कासावीस झाला.

"अगं, उद्या दलाल येणार! फासळ्या बघून आल्या पावली परत जाईल."

"जाऊ दे. ती कॉलेजची पोरगी सभेत काय म्हणाली? एक किलो मांसाला पंधरा हजार लिटर पाणी. म्हणजे किलोला तीन टँकर! चारशे किलोचं हे धूड बाराशे टँकर प्यायलंय, आणि मी दोन तांब्यांत अंघोळ उरकते!"

आमच्या या कोरड्या गुनुंगकिदुल भागात उन्हाळ्यात टाकी आटली की गोठ्यातलं जनावर विकून टँकर आणतात. वागियोच्या टाकीत तळाशी थोडं पाणी होतं आणि दावणीला हा एकच बैल. तो विकला गेला नाही तर घराने प्यायचं काय, या काळजीने त्याला घास जाईना.

पहाटे बायको नमाजाला बसलेली पाहून त्याने पाण्यात कोंडा आणि मूठभर मीठ कालवून बैलापुढे ठेवलं. आधीच तहानलेला बैल मिठाने आणखी पेटला. एक बादली झाली, चार झाल्या, नऊ झाल्या. टाकीचा तळ खरवडल्यावरच त्याने मान वर केली.

दलाल कासिमिनने आल्या आल्या बैलाच्या पोटावर थाप मारली. आत डबडब वाजलं.

"वागियोदादा, तुम्हीसुद्धा? पाणी पाजून वजन वाढवता?"

"अरे, तहानलेला होता रे तो!"

"सगळे हेच सांगतात. पोट उतरू दे, चार दिवसांनी येतो."

आरडाओरडा ऐकून ती कॉलेजची पोरगी, एंडांग, धावत आली. तुमियेमने तिलाच धारेवर धरलं. पोरगी रडकुंडीला आली.

"काकू, एवढं पाणी बैल पीत नाही हो! त्याच्या चाऱ्यावर पडलेला पाऊसही त्यात धरतात. मी पुढे तेच सांगत होते, पण तुम्ही मध्येच उठून गेलात."

तुमियेमने रिकाम्या टाकीत डोकावून पाहिलं. मग बादली घेऊन पाणी मागायला शेजारणीच्या दारात गेली. शेजारणीने कुंपणावरून बैलाचं तट्ट फुगलेलं पोट न्याहाळलं.

"जनावराला एवढं पाजणाऱ्या घराला कसली गं टंचाई?" म्हणत तिने दार लावून घेतलं.

नवरा-बायको गोठ्यासमोर येऊन बसले. आता चार दिवस कसे काढायचे, हे दोघांनाही सुचत नव्हतं. इतक्यात बैलाने पाय फाकवले आणि प्यायलेलं पाणी धो धो सोडायला सुरुवात केली. तुमियेम ताडकन उठली आणि बादली घेऊन धावली.

"अगं, ते कशाला धरतेस?"

ती वाटेतच थांबली.

"सवय हो," म्हणाली आणि तिला रडू फुटलं.